भिकबाळी आणि बाल्या

कला, पोशाख, खेळ आणि लोकरंजन यांच्या इतिहासातून वेचलेल्या 'गमतीजमती' हा वाचकप्रिय प्रकार आहे. अमुक राजा पायात दोन रंगांचे जोडे घालत असे, तमुक नट सीतेचीही भूमिका करी आणि रामाचीही. अशी माहिती वाचून आपण हसतो, दुसऱ्याला सांगतो आणि विसरतो. आम्हांला या प्रकाराविषयी तक्रार नाही. मात्र एक शंका दीर्घकाळ आहे. एखादी गोष्ट मुळात विचित्र असते की तिच्या मागचापुढचा इतिहास कापून टाकल्यामुळे ती तशी भासू लागते? वानगीदाखल कोकणातला एक अगदी लहानसा दागिना या लेखात तपासायचा आहे. हा दागिना म्हणजे पुरुषाच्या कानातली बाळी. मराठीने तिला दोन नावे दिली, त्यांतले एक मिरवण्याचे झाले आणि दुसरे हिणवण्याचे.

या दोन्ही नावांची मुळे ज्या प्रदेशात एकमेकांशेजारी सापडतात, तो प्रदेश म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुका. त्यातले हेदवी हे गाव आम्ही मुक्कामासाठी निवडले आहे. पर्यटकांच्या यादीत हेदवीच्या नावापुढे दोन नवलाच्या गोष्टी असतात. पहिली बामणघळ. उमामहेश्वराच्या देवळाजवळ किनाऱ्यावरच्या कातळाला एक अरुंद भेग पडली आहे, तीत भरतीचे पाणी घुसले की त्याचा स्तंभ उंच उसळतो. एक ब्राह्मण तीत पडला म्हणून ती बामणघळ, असे नावाचे स्पष्टीकरण दिले जाते. दुसरी गोष्ट टेकडीवरच्या देवळातली. जांभ्या दगडाच्या या मुलखात दशभुज लक्ष्मीगणेशाची शुभ्र संगमरवरी मूर्ती आहे. ती काश्मीरकडून आली आणि पेशव्यांनी ती केळकर स्वामींना दिली, अशी परंपरा आहे. दहा हात, सोंडेत कलश आणि डाव्या मांडीवर लक्ष्मी हे रूप पाहणाऱ्याला अपूर्व वाटते. मूर्तिशास्त्राचा अभ्यासक मात्र चकित होत नाही. महागणपतीच्या ध्यानात दहा भुजा, सोंडेतील रत्नकलश आणि मांडीवरची शक्ती यांचे वर्णन पूर्वीपासून आहे. महाळुंग, उसाचे धनुष्य, भाताची लोंबी, स्वतःचाच मोडका दात ही त्याच ध्यानातली आयुधे होत. ध्यान ठाऊक असले की नवल संपते, पण मूर्ती अधिक कळू लागते.

यादीत नसलेली तिसरी गोष्ट भाद्रपदात या पट्ट्यातल्या वाड्यावाड्यांतून दिसते. गणपती बसले की रात्री अंगणात ढोलकी घुमू लागते. गाणारे आणि वाजवणारे मध्ये बसतात, त्यांच्याभोवती पायात चाळ बांधलेले तरुण रिंगण धरतात, आणि गाण्याच्या लयीवर ते रिंगण पावले टाकत, वाकत, वळत, उसळत फिरू लागते. हा जाखडी नाच. 'जखडणे' या क्रियापदाशी त्याचा संबंध लावतात, कारण नाचणारे एकमेकांना जखडल्यासारखे वर्तुळात बांधलेले असतात. त्यातल्या गायनाच्या स्पर्धेवरून त्याला 'शक्ती-तुरा' असेही म्हणतात. मुंबईने मात्र या नाचाला तिसरेच नाव दिले, आणि शहरी वाचकाला बहुधा तेवढेच ठाऊक असते. ते नाव 'बाल्या डान्स'.

हा बाल्या कोण? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई वाढली ती फार मोठ्या प्रमाणात रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसांवर. तेव्हाच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही होता, तो १९८१ साली वेगळा झाला. दाभोळ-जयगडसारख्या बंदरांतून आगबोटीने आलेले हे लोक गिरण्यांत शिरले, गोदीत गेले, आणि त्यांतले कित्येक सुखवस्तू घरांत घरगडी झाले. भांडी घासणे, पाणी भरणे, मुले सांभाळणे ही त्यांची कामे. प्रामुख्याने कुणबी समाजातल्या या तरुणांच्या कानात बाळी असे. त्या बाळीवरून मालकवर्गाने त्यांना 'बाल्या' म्हटले आणि सणाच्या रात्री ते चाळींच्या आवारात नाचू लागले तेव्हा तो 'बाल्यांचा नाच' झाला, अशी या शब्दाची सर्वसाधारणपणे स्वीकारलेली व्युत्पत्ती आहे. नंतर त्याला 'डान्स' हा इंग्रजी शब्द जोडला गेला, आणि त्या जोडणीतले हसू आजही पुरते विरलेले नाही.

येथे एक भाषिक व्यवहार लक्षात घेण्याजोगा आहे. मुंबईत घरगड्याचे दुसरे सामान्यनाम होते 'रामा'. नोकराचे नाव गोविंद असो वा धोंडू, घरात तो रामाच. 'बाल्या' याच जातीचा शब्द आहे. एकाने देवाचे नाव घेऊन माणसाचे पुसले, दुसऱ्याने दागिन्याचे नाव देऊन तेच केले. अंशावरून अंशीचा बोध करून देणारी लक्षणा आपण काव्यशास्त्रात शिकवतो. रोजच्या बोलण्यातली लक्षणा कोण कोणावर वापरतो, हा प्रश्न त्या तासाला सहसा निघत नाही. शेठजींच्या बोटातली अंगठी कितीही मोठी असली तरी त्यांना कोणी 'अंगठ्या' म्हटले नाही.

आता दुसरे नाव. पेशवाईतील चित्रे पाहिली तर पुरुषांच्या कानांत मोती सहज दिसतात. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९०च्या दशकात पुण्यात होता. त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांना रंगवले, आणि त्या दरबाराचा पोशाख पाहण्याचे ते एक मोठे साधन आहे. मोत्यांचा चौकडा हा पुरुषी दागिना होता, तशीच उजव्या कानाच्या वरच्या भागात घालायची भिकबाळी. ब्राह्मण व सरदार घराण्यांत ती विशेष रूढ होती, आणि आजही 'पेशवाई' म्हटले की पगडीच्या जोडीने तीच आठवते.

पण या नावाकडे नीट पाहावे. भिकबाळी म्हणजे भिकेची बाळी. एखाद्या घरात मुले जगत नसली की पुढे झालेल्या मुलासाठी आईबाप लोकांकडे भीक मागून सोने जमवीत आणि त्याची बाळी करून मुलाच्या कानात घालीत, असा या शब्दाचा प्रचलित उलगडा आहे. मूल आपले नाही, भिकेवर वाढलेले आहे, दृष्ट लावण्याइतके मोलाचे नाही, असे दैवाला भासवायचे. दगडू, धोंडू, केरू ही नावे ठेवण्यामागेही हीच युक्ती होती. म्हणजे भिकबाळी मूलतः भयाचा दागिना होता. तो ऐश्वर्याचे लक्षण कधी झाला याची तारीख सांगता येणार नाही, पण कसा झाला असावा हे समजते. ज्या घरात मागायची गरज नसते तिथे भिकेचे सोंग हौसेने करता येते. हळूहळू सोंग विसरले जाते आणि सोने उरते.

दोन शब्द समोरासमोर ठेवले की जे दिसते ते आम्हांला महत्त्वाचे वाटते. ज्या बाळीच्या नावातच भीक आहे ती मिरवण्याची झाली. ज्या माणसाने भीक न मागता दुसऱ्याच्या घरी राबून पोट भरले, त्याच्या बाळीचे नाव हेटाळणीचे झाले. दागिना बहुतांशी तोच, कानही माणसाचाच. फरक होता तो कान कोणाच्या अंगणात उभा होता यात.

हा फरक मुंबईत निर्माण झाला नाही. तो गावाहूनच आला होता. गुहागरचा व्याडेश्वर हे अनेक चित्पावन घराण्यांचे कुलदैवत, आणि याच तालुक्याच्या वाड्यांतून कुणब्यांची मोठी वस्ती. म्हणजे भिकबाळी मिरवणाऱ्या काही घराण्यांचे आणि बाल्या म्हणवल्या गेलेल्या तरुणांचे मूळ एकाच डोंगरउतारावरचे असू शकते. त्यांच्यात खोतीची व्यवस्था होती. खोत सरकारचा सारा वसूल करी, जमिनीवर हक्क सांगे, आणि कूळ त्याला धान्यरूपाने खंड देई, वर वेठही करी. खोत सगळे ब्राह्मण नव्हते, मराठा व मुसलमान खोतही होते. कुळे मात्र बव्हंशी कुणबी आणि महार. भातशेती चार महिन्यांची, खंड देऊन हाती उरणारे धान्य अपुरे, म्हणून घरातला एक तरी मुलगा मुंबईला जाणे भाग होते. आगबोटीत बसलेला हा मुलगा कानातली बाळी घेऊन गेला आणि शहराने त्याला तिचेच नाव दिले.

या व्यवस्थेविरुद्धचा लढाही मुंबईच्या रस्त्यांवर आला. सप्टेंबर १९३७मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले, आणि जानेवारी १९३८मध्ये कोकणातले हजारो शेतकरी विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेले. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९च्या अधिनियमाने. पोशाखाच्या इतिहासात या तारखा सहसा नसतात. त्या वगळल्या की 'बाल्या' हा शब्द केवळ गमतीदार उरतो.

कानातून आता डोक्याकडे वळू, कारण या नाचाचे दुसरे नाव शिरोभूषणांतून आले आहे. तुरा म्हणजे पागोट्याला लावायचा झुबका, कलगी म्हणजे शिरपेचात खोवायचे पिसाचे वा रत्नाचे भूषण. मराठी शाहिरीत या दोन दागिन्यांच्या नावाचे दोन पंथ आहेत. तुरेवाले पुरुषाला, शिवाला श्रेष्ठ मानतात, कलगीवाले प्रकृतीला, शक्तीला. कोकणात कलगीचे नाव मागे पडले आणि तिचे तत्त्वच पुढे आले, म्हणून 'शक्ती-तुरा'. अशी जोडी महाराष्ट्रापुरती नाही. राजस्थान आणि मध्य प्रदेशाकडच्या 'तुर्रा-कलंगी' परंपरेत अशी आख्यायिका आहे की तुकनगीर हा हिंदू साधू आणि शाह अली हा मुसलमान फकीर यांचा वाद ऐकून चंदेरीच्या राजाने खूश होऊन आपल्या मुकुटाचा तुरा एकाला आणि कलगी दुसऱ्याला दिली. आख्यायिकेतून इतिहास सिद्ध होत नाही. पण एवढे कळते की परंपरेने स्वतःची कल्पना कशी केली: हरलेला कोणीच नाही, दोघांनाही मुकुटाचा एकेक भाग.

आपल्या भाषेने या वादाची फार वेगळी आठवण ठेवली. वर्तमानपत्रात 'दोन नेत्यांमध्ये कलगीतुरा रंगला' हे आपण नेहमी वाचतो. त्या शब्दामागे सांख्यांची प्रकृती आणि पुरुष उभे आहेत हे बातमी लिहिणाऱ्याच्या मनातही नसते. तत्त्वज्ञान गळाले, भांडण तेवढे राहिले.

कोकणी मंचावर मात्र तत्त्वज्ञान गळालेले नाही. ते चक्क तिकीट लावून खेळवले जाते. मुंबईतल्या जाहिरातींत आणि फलकांवर 'शक्ती-तुऱ्याचा जंगी सामना' असे शब्द असतात आणि दोन शाहिरांची नावे पैलवानांच्या जोडीसारखी समोरासमोर छापलेली असतात. आरंभी गण, मग गवळण, आणि नंतर खरी झुंज म्हणजे सवाल-जवाब. एक बाजू पुराणातला पेच टाकते, दुसरीने तो त्याच रात्री, गाण्यातच सोडवायचा. गूढार्थाच्या या कवनांना 'भेदिक' म्हणतात, कारण ती भेदावी लागतात. आधी ब्रह्म की आधी माया, बीज आधी की भूमी, यावर प्रेक्षागृह शिट्ट्या मारते. चाल पुष्कळदा गाजलेल्या चित्रपटगीताची असते. ज्यांना हे भ्रष्ट वाटते त्यांनी कीर्तनकारांनी नाट्यगीतांच्या चाली किती उचलल्या हे आठवावे. ज्या श्रोत्याने दिवसभर पाळी केली आहे त्याच्या कानात मायावाद शिरायचा तर तो ओळखीच्या दारानेच शिरणार.

या सामन्यांचे एक माहेरघर परळचे दामोदर नाट्यगृह. ते १९२२ साली गिरणगावात उभे राहिले आणि कोकणातल्या लोककलांना त्याने शतकभर आसरा दिला. दरम्यान १९८२चा गिरणी संप झाला, गिरण्या गेल्या, प्रेक्षक उपनगरांत पांगला, तरी दामोदरच्या दारात जाखडीचे फलक लागत राहिले. २०२३च्या अखेरीस पुनर्विकासासाठी ते बंद झाले तेव्हा व्यावसायिक नाटकवाल्यांपेक्षाही या मंडळांना ते अधिक जाणवले असेल. मराठी रंगभूमीच्या इतिहासात नाट्यगृहांची नावे कोणत्या नाटकांनी गाजली हे आपण नोंदवतो. जाखडीने गाजवलेल्या रात्रींना तशी नोंद मिळालेली नाही.

या परंपरेतली सर्वांत मोठी विसंगती मात्र आम्हांला तिच्या पोशाखात वा चालीत दिसत नाही. ती तिच्या युक्तिवादात आहे. पिढ्यान्पिढ्या शक्तीची बाजू पुरुषच लढवत आले. स्त्रीतत्त्व श्रेष्ठ आहे, तिच्यावाचून शिव हे शव आहे, असे रात्रभर गाऊन सिद्ध करणारा शाहीर पुरुष, त्याच्याभोवती नाचणारे पुरुष, आणि ज्यांच्या श्रेष्ठत्वाचा निवाडा चालला आहे त्या बायका ओटीवर बसून ऐकणाऱ्या. मुंबईच्या मनीऑर्डरीची वाट पाहत वर्षभर शेत राखणाऱ्याही त्याच. अलीकडच्या काळात महिला शाहीर या मंचावर उभ्या राहू लागल्या आहेत. 'शक्ती' हा शब्द त्यांच्या तोंडी आला की सिद्धांत आणि अनुभव यांच्यातले अंतर थोडे तरी मिटते. लोककला बदलली की ती बाटते असे मानणाऱ्यांनी हा बदल कोणत्या खात्यात टाकायचा याचा विचार करावा.

इथे हेदवीच्या त्या संगमरवरी मूर्तीकडे पुन्हा पाहावेसे वाटते. खाली वाड्यांत शक्ती थोर की शिव थोर हा वाद दर भाद्रपदात नव्याने पेटतो, आणि वर टेकडीवर शिवपुत्र शक्तीला मांडीवर घेऊन बसला आहे. मूर्तिकाराने दोघांना एकाच दगडात कोरले, त्यामुळे तिथे वादच संभवत नाही. मूर्तीची परंपरा पेशव्यांशी जोडली जाते, नाचाची कुळांच्या अंगणाशी. एकाच गणपतीच्या नावाने चालणाऱ्या या दोन परंपरांना पर्यटनाच्या पुस्तिकेत सारखी जागा मिळत नाही. मूर्तीला छायाचित्र मिळते. नाचाला, मिळालीच तर, 'रंगतदार लोकनृत्य' अशी एक ओळ.

भिकबाळीचे पुढे काय झाले हे आपण पाहिलेच आहे. ढोलताशा पथकांतून फेटा आणि सदऱ्याबरोबर ती परतली. २०१५च्या डिसेंबरात 'बाजीराव मस्तानी' हा हिंदी चित्रपट आला आणि नायकाच्या कानातली भिकबाळी देशभर पोचली. आज ती जन्माने कोणत्याही जातीचा तरुण घालतो, मुलीही घालतात, आणि कान न टोचता अडकवायची भिकबाळीही बाजारात मिळते. यात वावगे काही नाही. दागिन्याने जातीची वेस ओलांडली तर ते बरेच. पण ती घालणाऱ्या कोणालाही 'बाल्या' म्हणत नाहीत, आणि जाखडी नाचणाऱ्या तरुणाच्या कानात आता बहुधा बाळी नसते, तरी त्याचा नाच अजून 'बाल्या डान्स'च आहे. वस्तू गेली, नाव चिकटून राहिले. दुसरीकडे नावातली भीक गेली आणि वस्तू राहिली.

साहित्याच्या वर्गात लोकसाहित्याचा घटक येतो तेव्हा जाखडीच्या वाट्याला चार ओळी येतात: प्रदेश, ऋतू, वाद्ये, वेश. त्या चार ओळींत पर्यायी नाव म्हणून 'बाल्या नाच' असे निमूट छापलेले असते. आमची सूचना इतकीच की त्या ठिकाणी क्षणभर थांबावे, आणि हा शब्द नाचणाऱ्याचा की पाहणाऱ्याचा, एवढे विद्यार्थ्यांना विचारावे. शाहीर स्वतः आपल्या फलकावर 'शक्ती-तुरा' लिहितो. तो स्वतःला तत्त्वाच्या नावाने ओळखतो, आपण त्याला कानातल्या दागिन्याने ओळखतो. त्याने दिलेले नाव वापरायला आपल्याला काही खर्च नाही, आणि ते वापरू लागलो की त्याच्या सवालाला जवाब देण्याची जबाबदारीही आपोआप आपल्यावर येते.